पुलाखालचा शेजारी

मानववंशशास्त्रज्ञ फिलिप बुर्ज्वा आणि छायाचित्रकार जेफ शॉनबर्ग यांचा ‘रायटिअस डोपफीन्ड’ हा इंग्रजी ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील महामार्गांच्या पुलांखाली राहणाऱ्या, हेरॉईनच्या आहारी गेलेल्या बेघरांच्या सहवासात उभयतांनी दहा वर्षांहून अधिक काळ घालवला. त्या सहवासाचे हे फलित आहे.

ग्रंथाचे मर्म एका विसंगतीत आहे. एचआयव्ही आणि हेपटायटिस सी टाळण्यासाठी आरोग्यसेवक बजावतात: सुई, भांडे, कापूस सामाईक वापरू नका. परंतु हेरॉईनपुरते पैसे दररोज प्रत्येकाकडे नसतात. आज ज्याने आपल्यातले दिले, त्याला उद्या द्यावेच लागते; जो देत नाही, तो नशा न मिळाल्याने तळमळताना एकटा पडतो. वाटून घेणे हाच तेथील धर्म. म्हणून निव्वळ उपदेश वाया जातो, असे लेखक दाखवून देतात.

स्वच्छ सुया पुरवणे म्हणजे पापाला हातभार लावणे नव्हे काय, अशी शंका श्रद्धावंतांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि पश्चात्तापासाठी माणूस आधी जगला पाहिजे. शोमरोन्याने जखमा बांधण्यापूर्वी चारित्र्याची चौकशी केली नाही.

उणीव एकच जाणवते. दारिद्र्य, बेकारी, वंशभेद, पोलिसी जाच यांच्या कारणमीमांसेत व्यक्तीच्या स्वेच्छेला फारच थोडी जागा उरते. तरीही, ‘गर्दुल्ला’ म्हणून आपण ज्याला टाळतो तो आपला शेजारी आहे काय, हे ठरवण्यापूर्वी धर्मग्रामातील सेवाभावी मंडळींनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.