सम्राट अशोक आणि बोइंग ७४७

एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ आले १९७१ साली. खिडक्यांभोवती रंगवलेले लाल झरोके आणि नाव ‘सम्राट अशोक’. त्याच वर्षी २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता रद्द झाली. जमिनीवरचे राजे पायउतार करून आकाशात सम्राट उडवणे मला विसंगत वाटत नाही. संस्थानिकांचे वारस हयात होते. सम्राटांवर हक्क सांगायला कोणी येणार नव्हते. पुढच्या विमानांवरची शाहजहान, राजेंद्र चोळ, कनिष्क ही नावे अशोकाशेजारी ठेवून वाचली, तर धर्म आणि प्रांत सांभाळणारा सरकारी तोल दिसतो.

नागपुरातून पाहिले की हा तोल डळमळतो. १९५६च्या अशोक विजयादशमीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथेच धम्मदीक्षा घेतली. आज विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. इथे अशोकाला आपला म्हणणारे लाखो आहेत. नाव निरुपद्रवी समजून रंगवले, तरी वाचणारा त्यात आपला इतिहास वाचतोच.

टाटांच्या २०२३च्या रंगसंगतीत झरोक्याची अमूर्त चौकट तेवढी उरली. ती देखणी आहे. पण जिच्यावरून कोणी भांडणार नाही, तिला कोणी आपली म्हणणारही नाही. हा तोटा मला मोठा वाटतो.