नावे शूरांची, अर्थ लोकांचा

कल्पित वीराचे विशेषनाम जेव्हा बोलीतला साधा शब्द होते, तेव्हा लेखकाला याहून मोठा मान नाही असे आपण समजतो. परंतु शब्द होताना त्या वीराच्या पदरी काय पडले, हे तपासल्यावाचून असा निवाडा देणे बरे नव्हे.

आरिओस्तोच्या ‘ओर्लांदो फुरिओसो’ (१५१६) या महाकाव्यातील रोदोमोंते तट ओलांडून एकटा पॅरिसमध्ये घुसतो. क्रूर आणि गर्विष्ठ तो खराच. पण भित्रा खास नव्हे. तरी त्याच्या नावावरून युरोपीय भाषांत जो शब्द रूढ झाला, त्याचा अर्थ पोकळ बढाई! सेरव्हान्तेसच्या दोन किहोतेची गत याहून वेगळी नाही. १६१५ च्या दुसऱ्या भागात तो सिंहाचा पिंजरा उघडवून समोर उभा राहतो. सिंहच पाठ फिरवतो. लोकांनी मात्र पवनचक्क्या तेवढ्या लक्षात ठेवल्या आणि त्याचे नाव अव्यवहारी खुळाला दिले.

याउलट आमचा ‘साहस’ शब्द पाहा. स्मृतिकारांनी त्याला बळजोरीचा अपराध म्हणून अठरा व्यवहारपदांत बसविले. मनुस्मृतीतील ‘उत्तम साहस’ हा शूराचा गौरव नसून १००० पणांचा दंड आहे. तोच शब्द मराठीत शाबासकीचा झाला. शब्द चढतात, तसे उतरतातही. आणि हा चढउतार लेखकाच्या हाती नसतो.

तरीही लेखकाची जबाबदारी सर्वस्वी सुटत नाही. इयान फ्लेमिंगने १९५३ मध्ये जन्माला घातलेल्या जेम्स बाँडचे नाव आपल्याकडे कौतुकापेक्षा टोमण्यातच अधिक ऐकू येते, आणि ते मला अन्यायाचे वाटत नाही. ज्याच्या खिशात माणूस मारण्याचा सरकारी परवाना आहे, त्याचे निम्मे धैर्य उसने असते. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेपाशी असा परवाना नाही. काडीसारखे शरीर, एक सायकल आणि नको तिथे डोकावणारी जिज्ञासा एवढेच त्याचे भांडवल. तो हमखास सुखरूप परतणार हे वाचकाला ठाऊक असते, हा त्या कथांचा उणेपणा मान्य केलाच पाहिजे. परंतु चपळ, धिटुकल्या पोराला आपण ‘फास्टर फेणे’ म्हणतो, तेव्हा आवाजात माया असते, कुचेष्टा नसते. हे यश लेखकाच्या संयमाचे आहे.

पण हीच माया मोठ्या माणसाच्या वाट्याला येत नाही. भरसभेत कोणी एकटा उठून हिशेब विचारतो, आणि मागच्या रांगेतून ‘मोठा जेम्स बाँड लागून गेला!’ अशी कुजबुज होते. त्याच्यापाशी तर कसलाच परवाना नसतो आणि सुखरूप परतण्याची हमीही नसते. त्या उद्गारावरून उठलेल्या माणसाविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की बोलणारा बसून होता.