‘कोमल’ : मुलांसाठी उत्तम, शिक्षकांसाठी अपुरा

बालकांच्या लैंगिक शोषणाविषयी वर्गात बोलायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांची जीभ अडखळते. ही अडचण बऱ्याच अंशी दूर करणारे साधन म्हणजे ‘कोमल’ हा सुमारे दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट. चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनने तो तयार करवून घेतला. पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

कथा साधी आहे. सात वर्षांच्या कोमलशी शेजारचे काका गोड बोलून जवळीक साधतात आणि त्या जवळिकीचा गैरफायदा घेतात. हसरी कोमल मिटून जाते. शाळेत आलेली एक ताई सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शातला फरक समजावते. कोमल बोलते आणि मोठी माणसे तिच्या पाठीशी उभी राहतात.

चित्रपटाचे मोठे यश असे, की यातला गुन्हेगार अनोळखी नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्या शोषणकर्त्यांना मूल आधीपासून ओळखत होते किंवा त्यांच्यावर त्याचा विश्वास होता. चूक मुलाची नसते, हेही चित्रपट नि:संदिग्धपणे सांगतो. त्याच अभ्यासात लैंगिक शोषण सोसलेल्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. येथे मात्र कथा मुलीची आहे. ही बाजू शिक्षकाने स्वत: मांडावी लागते.

आमचा मुख्य आक्षेप चित्रपटावर नाही, तो दाखवला की प्रशिक्षण झाले असे मानण्यावर आहे. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शाळेत तो लावून पाहा. दसरा-दिवाळीनंतर कळंब, वाशी, भूम या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली मुले आजीकडे, नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. कोमलचे आईवडील घरी आहेत. या मुलांची आई कित्येक महिने उसाच्या फडात असते. ‘घरी सांग’ हा सल्ला त्यांच्या काय कामाचा? बाहेरून ताई येईल याचाही भरवसा नाही. तेव्हा ऐकणारे माणूस म्हणजे गुरुजी, बाई, अंगणवाडी सेविका, वसतिगृहात स्वयंपाक करणारी मावशी. या ऐकणाऱ्यांना काय शिकवले आहे?

पहिली गोष्ट लक्षणांची. मूल गप्प होते, अभ्यासात मागे पडते, एखाद्या व्यक्तीला टाळते, ही लक्षणे खरी आहेत. पण तीच घरच्या भांडणाने किंवा आजारानेही दिसतात. उलट १९९३ साली अमेरिकेत ४५ अभ्यासांचा जो आढावा घेतला गेला, त्यात शोषित मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत कोणतेच लक्षण दिसले नव्हते. म्हणून लक्षणांची यादी पाठ करणे पुरत नाही. मूल कधीही येऊन बोलू शकेल, असे आपले रोजचे वागणे असावे लागते.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचा खटला १९९० साली एकाही शिक्षेविना संपला. ‘अमक्याने असेच केले ना?’ अशा धर्तीच्या प्रश्नांमुळे मुलांच्या जबान्यांवर विश्वास ठेवणे अशक्य झाले होते. लहान मुलाच्या स्मृतीत प्रश्नातले शब्द सहज मिसळतात. म्हणून आपण उत्तर सुचवू नये. ‘काय झाले, सांगशील?’ एवढेच विचारावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. तपास करणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

तिसरी गोष्ट कायद्याची. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती किंवा आशंका असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावा मागितलेला नाही. सद्हेतूने कळवणाऱ्यास संरक्षणही आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार शिक्षा होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनावर याच कारणाने गुन्हा दाखल झाला. त्यानंतर शासनाने कॅमेरे, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांवर भर दिला. हे उपाय हवेतच. परंतु त्या प्रकरणातली मुले बालवाडीच्या वयाची होती, आणि त्या वयाचे मूल पेटीत चिठ्ठी कशी टाकणार?

‘कोमल’ अवश्य दाखवावा. पण त्याआधी एक दिवस, ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, शिपाई आणि स्वयंपाकी यांच्यासह शाळेतल्या सर्वांनी एकत्र बसावे. मूल बोलले तर कोण ऐकेल, कोण लिहील, पोलिसांना आणि १०९८ या क्रमांकावर कोण कळवील, आणि तक्रार आपल्यापैकीच कोणाविरुद्ध असली तर काय करायचे, हे ठरवावे. मुलांना बोलायला शिकवण्याआधी एवढी तयारी आपण केली पाहिजे.