सत्त्याऐंशीपट लहान रेल्वे कशी पाहावी?

१९९८ हे वर्ष रेल्वेची आवड असणाऱ्यांच्या लक्षात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावरून गाडी धावू लागली. १ एप्रिलला पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पहिली रेल्वे सुमारे ७४० किलोमीटर लांब, तर दुसरी एका दालनात मावणारी. महाड-पोलादपूर भागातील मुलांच्या परिचयाची रेल्वे म्हणजे वीर आणि करंजाडी स्थानकांवरची. त्यांपैकी रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्येच सुरू झाला होता. ही मुले सहलीला पुण्यात जाऊन छोटी रेल्वे पाहतात तेव्हा एकच उद्गार ऐकू येतो, "किती बारीक काम केलंय!"

उद्गार खरा असला तरी अपुरा आहे. बारीक काम म्हणजे चांगले काम, असे समीकरण आपण नकळत मांडतो आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही त्याच समीकरणाने गुण देतो. प्रतिकृतीतील बारकावा मोजून पारखता येतो, आणि ते मोजमाप आठवी-दहावीच्या गणिताबाहेरचे नाही. प्रत्येक बारकाव्याला तीन प्रश्न विचारावेत. तो प्रमाणात आहे का? तो दिसायला हवा का? आणि तो तेथे असण्याला कारण आहे का?

प्रमाणाची परीक्षा

लघुरेल्वेत जगभर सर्वाधिक वापरले जाणारे प्रमाण १:८७ हे आहे. त्याला 'एचओ' म्हणतात. या प्रमाणात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणले की १४३५.५ मिमी येतात, आणि युरोपातील बहुतेक मार्गांवर रुळांतील अंतर १४३५ मिमी आहे. हिशेब चोख जुळला. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर मात्र हे अंतर १६७६ मिमी आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.३ मिमी येतात. म्हणजे मांडवी एक्सप्रेसचे डबे अगदी काटेकोर प्रमाणात बनवून बाजारात मिळणाऱ्या तयार रुळांवर ठेवले, तर रूळ प्रत्यक्षातल्या हिशेबाने २४ सेंटिमीटर अरुंद ठरतात. वीतभर चूक! डब्यावरची अक्षरे कितीही सुबक असली तरी गाडी समोरून पाहताना ती जराशी तोल गेल्यासारखी का वाटते, याचे उत्तर येथे मिळते.

रुळांखालच्या खडीलाही हाच न्याय लावावा. रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिमी आकाराची असते. १:८७ प्रमाणात ती पाव ते पाऊण मिमी हवी, म्हणजे जवळपास रव्याच्या कणाएवढी. मुलांच्या प्रतिकृतीत आपण वाटाण्याएवढे खडे पाहतो. त्या हिशेबाने प्रत्यक्षात तेथे अर्ध्या मीटरहून मोठे धोंडे पडलेले असतील. सावित्रीची वाळू रव्याच्या चाळणीतून चाळून घेतली तर काम फुकटात होते.

किती बारीक पुरे?

आता दुसरा प्रश्न. प्रतिकृती आपण साधारण अर्ध्या मीटरवरून पाहतो. प्रमाणाच्या हिशेबाने हे अंतर ४३.५ मीटर होते. म्हणजे टेबलावरच्या स्थानकासमोर उभे राहणे हे खऱ्या स्थानकापासून साडेत्रेचाळीस मीटर दूर उभे राहण्यासारखे आहे.

निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील तपशील वेगळा ओळखता येतो. अर्ध्या मीटरवर हा कोन ०.१५ मिमी व्यापतो. त्याला ८७ ने गुणले तर सुमारे १३ मिमी. यापेक्षा बारीक वस्तू खऱ्या स्थानकावरही आपल्याला त्या अंतरावरून वेगळी दिसणार नाही. सायकलच्या चाकाची तार २ मिमी जाडीची असते. ती १:८७ मध्ये केसापेक्षाही बारीक होईल. ती कोणी बनवली नाही म्हणून प्रतिकृती उणी ठरत नाही. उलट जाड तारा बसवून चाक 'तपशीलवार' केले तर ते खोटे दिसते.

माणसांचेही तसेच. १६५ सेंमी उंचीचा प्रवासी १९ मिमीचा होतो. त्याच्या डोळ्यांची पांढरी बुबुळे आणि लाल ओठ रंगवण्यात कारागिरी आहे, पण साडेत्रेचाळीस मीटरवरून आपण माणूस ओळखतो तो त्याच्या उभे राहण्यावरून, चालण्यावरून आणि डोक्यावरच्या ओझ्यावरून. फलाटावर पाटी टेकवून बसलेली बाई नुसत्या वाकलेल्या पाठीवरून ओळखू आली, तर तो खरा बारकावा. काय गाळायचे हे कळणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

जे लहान होत नाही

काही गोष्टी कितीही कुशल कारागिराला प्रमाणात आणता येत नाहीत. प्रदर्शन पाहताना मुलांनी या गोष्टी मुद्दाम शोधाव्यात, कारण विज्ञान तेथेच अधिक आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वळण. कोकण रेल्वेची आखणी करताना वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी ठेवायची नाही, असे ठरले होते. १:८७ मध्ये ही त्रिज्या १४.४ मीटर होते, म्हणजे पूर्ण वर्तुळासाठी २९ मीटर रुंदीचे सभागृह लागेल. तयार संचातील सर्वांत लहान वळण मात्र ३६ सेंमी त्रिज्येचे असते. त्याचा परिणाम वर्तुळाच्या जीवेच्या गणिताने काढता येतो. आपल्याकडील निळ्या डब्यांच्या दोन चाकसंचांच्या केंद्रांत सुमारे १४.८ मीटर अंतर असे. या अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले की डब्याचा मध्य रुळांच्या मध्यापासून किती आत सरकतो ते मिळते. कोकण रेल्वेच्या वळणावर हे सरकणे जेमतेम २ सेंमी आहे. टेबलावर ते १० मिमी होते आणि रुळांच्या मध्यापासून रूळ असतो फक्त सव्वाआठ मिमीवर! म्हणजे डब्याची मध्यरेषा रुळाच्याही बाहेर जाते. म्हणूनच जाणकार मांडणीकार तीव्र वळणे बोगद्यात किंवा डोंगराआड लपवतात. असा बोगदा दिसला की तो शोभेचा की लपवण्याचा, हे मुलांना ओळखू द्यावे.

दुसरी गोष्ट चढाची. चढ हे गुणोत्तर असल्यामुळे प्रमाण बदलले तरी ते बदलत नाही. कोकण रेल्वेचा कमाल चढ १५० ला १ ठरवला होता. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी प्रतिकृतीत ७.५ सेंमी उंची गाठायची, तर या चढाने सव्वाअकरा मीटर लांबी लागेल. एवढी जागा कोणाकडे असते? मग चढ ३० ला १ होतो. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि तेथे गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. टेबलावर एकटे इंजिन त्याहून तीव्र चढ सहज चढून जाते, ही गंमत मुलांच्या नजरेस आणून द्यावी.

तिसरी गोष्ट वेग. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, आणि १:८७ मध्ये सेकंदाला ३२ सेंमी. प्रतिकृतीतील गाडी सेकंदाला एक मीटर धावली तर ती ताशी ३१३ किमी वेगाने निघाली आहे. फूटपट्टी आणि सेकंदकाटा एवढ्यावर ही परीक्षा होते.

चौथी गोष्ट पाण्याची. वरंध किंवा आंबेनळी घाटातला धबधबा प्रतिकृतीत खरे पाणी सोडून दाखवला तर तो हटकून नळासारखा दिसतो. पृष्ठताणामुळे थेंब लहान होत नाहीत, आणि गुरुत्वाकर्षणही ८७ पट कमी करता येत नाही. हवेचा विरोध सोडला तर ८७ मीटरवरून पडायला ४.२ सेकंद लागतात आणि एक मीटरवरून ०.४५ सेकंद. पाणी नऊपट घाईने खाली येते. येथे कापूस आणि डिंकाचा निश्चल धबधबा खऱ्या पाण्यापेक्षा अधिक खरा ठरतो.

बारकाव्याचे कारण

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रुळाचा माथा चाकांनी घासून चकचकीत होतो आणि बाजू गंजलेल्या राहतात. न वापरलेल्या बाजूच्या रुळाचा माथाही तांबूस असतो. एवढे रंगवले की गाडी कोठून जाते आणि कोठून जात नाही, हे गाडी नसतानाही कळते. स्थानकाजवळ गाड्या थांबतात, ब्रेकची लोखंडी धूळ पडते आणि खडी तपकिरी होते. हे बारकावे म्हणजे घडलेल्या गोष्टींच्या खुणा आहेत.

या कसोटीवर पुण्याच्या संग्रहालयाची जमेची बाजू म्हणजे सिग्नल. मुख्य मांडणीत साठाहून अधिक सिग्नल आहेत. कुंपणे, दिव्यांचे खांब आणि उड्डाणपूल यांच्या गर्दीत ते नुसती शोभा म्हणून पाहू नयेत. गाड्यांमध्ये अंतर राखण्याची व्यवस्था हीच रेल्वेची खरी बुद्धी आहे, आणि ती उघड्यावर मांडणे हे प्रदर्शनाचे मोठे शैक्षणिक काम आहे. उणी बाजू अशी की मांडणीतील गाव बरेचसे युरोपीय आहे. टांगत्या रुळावरची गाडी पाहून मुले हरखतात आणि ते योग्यच आहे. पण आपल्या खडकाचा काळा रंग, पावसाळ्यानंतर भिंतींवर चढणारे शेवाळ, कातळावरच्या लोखंडी जाळ्या या खुणा तेथे शोधून मिळत नाहीत. हा कारागिरीचा दोष नव्हे. रूळ, इमारती, झाडे हे साहित्य ज्या देशांत तयार होते, त्या देशांचे रूप त्याबरोबर येते.

उलट उदाहरण इंग्लंडमधील लाँग विटनम गावच्या पेंडन संग्रहालयाचे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांनी ते १९५४ मध्ये सुरू केले. १९३० च्या सुमारास तेथील खेड्यांतील जुनी शाकारलेली घरे बदलू लागली होती. ती मोजून, टिपून त्यांनी प्रतिकृतीत उतरवली. तेथील बारकावा म्हणजे दस्तऐवज आहे. मूळ घर बदलले तरी त्याची नोंद राहिली.

आपली मोरी

असा दस्तऐवज महाडमध्ये कोणता करावा? २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावामुळे सावित्रीचे पाणी तुंबते का, हा प्रश्न महाडमध्ये जाहीरपणे मांडला गेला. त्याचे उत्तर अभियंत्यांनी द्यायचे आहे. पण शाळेला वीर-दासगाव परिसराची प्रतिकृती करता येईल. त्यात गाडीचा डबा सर्वांत सुबक करण्याची गरज नाही. भराव किती उंच, त्याखाली पाणी जायला मोऱ्या किती, पुलाचे गाळे किती रुंद, नदीच्या पात्रात गाळाची बेटे कोठे, हे बारकावे मोजून यायला हवेत. घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ असेल तर तीही हवी. तीन मीटर उंचीची रेघ १:८७ मध्ये साडेतीन सेंमीवर येते. मोरी ही प्रतिकृतीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू. भरावाला एक भोक पाडले की झाले, असे वाटते. पण महाडच्या प्रतिकृतीत ते भोक किती मोठे आहे, यावरच प्रतिकृतीचा खरेपणा ठरेल.

सहलीपूर्वी शिक्षकांनी मुलांना एकदा वीर स्थानकापाशी न्यावे. रेल्वेच्या हद्दीबाहेर, रुळांपासून सुमारे ४४ मीटरवर, सुरक्षित जागी उभे करून काय दिसते आणि काय दिसत नाही याच्या दोन याद्या करून घ्याव्यात. त्याच याद्या हातात देऊन पुण्याचे संग्रहालय दाखवावे. फूटपट्टी आणि घड्याळ बरोबर असावे. आणि पुढच्या विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृतीला गुण देताना चकाकीआधी एवढे विचारावे, "हे येथे का आहे?" उत्तर देता येणाऱ्या मुलाची खडी थोडी जाड असली तरी चालेल.