उपग्रहाची मध्यान्ह व समुद्राची भरती

उपग्रहीय प्रतिमांवरून किनारी जलातील निलंबित गाळाचे अनुमान करण्याची पद्धती आता रूढ झाली आहे. विस्तीर्ण किनारा एकाच क्षणी दृष्टीस पडणे हे नौकेवरून पाण्याचे नमुने घेणाऱ्यास कदापि साध्य नाही. पद्धतीची ही थोरवी मान्य करूनही, तिच्या आधारे काढल्या जाणाऱ्या सरासरीची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

उपग्रह गाळाचे वजन करीत नाही. पृष्ठभागाजवळच्या थरातून परतणारा प्रकाश तो मोजतो. त्यावरून लिटरमागे मिलिग्रॅमचे प्रमाण ठरवावयाचे, तर गाळून तोललेल्या नमुन्यांचा आधार लागतो. समान वजनाचे बारीक कण जाड कणांपेक्षा अधिक प्रकाश विखुरतात. गाळ फार वाढला म्हणजे तांबड्या प्रकाशाचे परावर्तन वाढेनासे होते आणि निकट-अवरक्त पट्ट्याचा आश्रय करावा लागतो. या मर्यादा अभ्यासकांस परिचित आहेत. काळाची मर्यादा मात्र सहज नजरेआड होते.

१९९९ व २००९ साली प्रक्षेपित झालेले ओशनसॅट मालिकेतील पहिले दोन उपग्रह मध्यान्हीच्या सुमारास किनाऱ्यावरून जात. मुंबईस अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरतीही मध्यान्हीच्या आसपासच पूर्ण होते. उलट, अष्टमीच्या भांगास त्या वेळी ओहोटी सरत आलेली असते. तिथीवरून भरतीची वेळ काढणाऱ्या कोळ्यास हे सांगावे लागत नाही. उधाणाच्या दिवशी तळाचा गाळ ढवळणारा ओहोटीचा वेगवान प्रवाह दुपारी तीनच्या सुमारास वाहू लागतो, तेव्हा उपग्रह केव्हाच निघून गेलेला असतो. प्रतिमांची संख्या वाढविल्याने हा दोष जात नाही; कारण प्रत्येक उधाणास भरतीची जवळजवळ तीच अवस्था पुन्हा टिपली जाते. शिवाय नद्या गाळ घेऊन येतात त्या पावसाळ्यात मेघच दृष्टी अडवितात.

अशा प्रतिमांच्या सरासरीस ‘वार्षिक सरासरी’ म्हणणे म्हणूनच युक्त नव्हे. ती मेघरहित मध्यान्हींची सरासरी होय. बंदरात साचणाऱ्या गाळाचा अदमास तिच्यावरून बांधल्यास चूक केवळ नकाशापुरती राहणार नाही.

उपाय नाही असे नव्हे. दक्षिण कोरियाने २०१० साली सोडलेल्या भूस्थिर उपग्रहाने दिवसाकाठी तासातासाने आठ प्रतिमा घेऊन भरती-ओहोटीबरोबर बदलणारा गढूळपणा दाखविला. जेथे तशी सोय नाही, तेथे प्रत्येक प्रतिमेसोबत भरतीची अवस्था नोंदवावी आणि न दिसलेल्या प्रहरांसाठी खाडीत प्रत्यक्ष मापन करावे. एवढे केल्यावाचून उपग्रहाच्या आकड्यास समुद्राचा आकडा मानता येणार नाही.