फुटक्या काचेची दोन वाचने

दिवाळी अंकात खुनाच्या कथेला कधीच मज्जाव नव्हता. उलट फराळाचे ताट जवळ ओढून माणसे आधी तीच उघडतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा चोरून वाचीत आमची एक पिढी लहानाची मोठी झाली. तेव्हा यंदा टीकालेखासाठी मी जो विषय घेतला आहे, तो घरातल्या कोणालाच परका वाटू नये. फरक एवढाच, की माझ्यापुढे कादंबरी नाही. एकाच खटल्यातली दोन निकालपत्रे आहेत, आणि त्यांतली माणसे खरी आहेत.

इटलीत न्यायालय निकाल आधी जाहीर करते आणि त्याची कारणे मागाहून, काही महिन्यांनी, लिहून प्रसिद्ध करते. खुनाच्या खटल्यात दोन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसतात. त्यांना काय पटले आणि का पटले, ते त्या कागदात उतरावे लागते. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. त्याला तिथवर वाट काढून दाखवायची असते. कथा लिहिणाराही हेच करतो, म्हणून निकालपत्राला टीकाकाराची नजर लावायला हरकत नाही, असे मला वाटते. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली.

हकीकत थोडक्यात अशी. पेरूजा हे उंब्रिया प्रांतातले विद्यापीठाचे जुने शहर. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री तिथल्या एका घरात मेरेडिथ कर्चर या २१ वर्षांच्या इंग्रज विद्यार्थिनीचा गळ्यावर वार करून खून झाला. वरच्या मजल्यावर चौघी मुली भाड्याने राहत होत्या : दोघी इटालियन, तिसरी मेरेडिथ आणि चौथी अमेरिकेतून आलेली अमांडा नॉक्स. मेरेडिथचे दोन मोबाईल जवळच्या एका बागेत सापडले, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस त्या घरी आले. एका इटालियन मुलीच्या खोलीची काच फुटलेली होती, कपडे विस्कटलेले होते आणि आत सुमारे ४ किलोंचा दगड पडला होता. मेरेडिथची बंद खोली फोडली, तेव्हा तिचे प्रेत दिसले.

रुडी गेडे नावाच्या तरुणाच्या तळव्याचा रक्ताळलेला ठसा त्या खोलीतल्या उशीवर होता. तो जर्मनीत पळाला होता. त्याच्यावर वेगळा खटला चालून अखेर १६ वर्षांची शिक्षा कायम झाली. पण पोलिसांचा संशय अमांडा आणि तिचा आठवडाभराच्या ओळखीचा मित्र राफाएले सोलेचितो यांच्यावरून हटला नाही. डिसेंबर २००९ मध्ये न्यायाधीश मास्सेई यांच्या न्यायालयाने दोघांना अनुक्रमे २६ आणि २५ वर्षांची शिक्षा दिली. ऑक्टोबर २०११ मध्ये अपिलात न्यायाधीश हेल्मान यांच्या न्यायालयाने त्यांना खुनाच्या आरोपातून सोडले. माझी दोन निकालपत्रे ती हीच.

दोन्हींच्या मध्यभागी ती फुटकी खिडकी आहे. मास्सेई म्हणतात, ही घरफोडी नव्हे, घरफोडीचा बनाव आहे. खिडकी जमिनीपासून साडेतीन मीटरांहून उंच. भिंतीवर चढल्याच्या खुणा नाहीत. आत शिरायला सोपी वाट असताना चोर ही कशाला निवडील? किमती वस्तू जागच्या जागी. आणि सर्वांत बोलका पुरावा असा, की काचेचे तुकडे विस्कटलेल्या कपड्यांच्या वर पडले होते. म्हणजे कपडे आधी विस्कटले, काच मागून फुटली. बाहेरच्या चोराला बनावाची गरज नाही. गरज कोणाला? ज्याच्याकडे दाराची किल्ली आहे, त्याला. त्या रात्री किल्ली असलेल्यांपैकी गावात कोण होते? एवढे झाले, की नाव आपोआप ओठांवर येते.

कबूल करतो, पहिल्या वाचनात मी पुरता बाटलो. काच कपड्यांवर, हा तपशील थेट रहस्यकथेतला. तिथे असा एक तुकडा सापडला, की गुप्तहेर मंद हसतो आणि आपण पान उलटतो. चारशेच्या घरातल्या त्या निकालपत्राची मांडणीही घट्ट आहे. सारे धागे शेवटी एका गाठीत येतात.

मग मला आमच्या घरातली एक दिवाळी आठवली. साफसफाईच्या दिवसांत धाकट्या भावाच्या चेंडूने खिडकीची काच फुटली. आईने खोली दोनदा झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रंकेतला शालू काढून पलंगावर पसरला, आणि दुपारी त्याच्या घडीवर नखाएवढा काचेचा तुकडा निघाला. कपड्यावर काच, म्हणजे कपडा आधीचा, हा नियम लावला तर शालू आदल्या दिवसापासून पलंगावर होता असे म्हणावे लागेल. तुकडा पडद्याच्या चुणीतून पडला असेल, नाही तर आमच्यापैकी कोणाच्या अंगावरून आला असेल. आई एवढेच म्हणाली, “काच आठ दिवस घरात हिंडते.”

पेरूजाच्या खोलीत तर तज्ज्ञ पोचण्यापूर्वीच माणसे हिंडली होती. जिची ती खोली, ती मुलगी घाईने परतली, आपले सामान पाहू लागली, आपला संगणक तिने बाहेर काढला. तसे करणे अगदी स्वाभाविक होते. पण पुढे “काच कपड्यांवर होती” या विधानाला मोठा आधार उरला, तो तिने पाहिलेल्या आणि मग साक्षीत सांगितलेल्या दृश्याचा. मास्सेईंनी हा आधार दगडी खांबासारखा वापरला आहे.

हेल्मान यांचे निकालपत्र याच्या निम्म्याहून लहान, वाचायला रूक्ष. पण ते एक साधा प्रश्न विचारते : बनाव सिद्ध झाला आहे काय? त्याच ऑक्टोबरात पेरूजातल्या एका वकिलाचे कार्यालय फुटले होते, उंचावरची खिडकी दगडाने फोडून. तिथला चोरीचा संगणक २७ ऑक्टोबरला मिलानमधल्या एका बालवाडीत शिरलेल्या गेडेजवळ सापडला. पाच दिवसांनंतरच्या त्या फुटक्या खिडकीशी हे ताडून पाहायला नको काय? बचावाच्या तज्ज्ञाने तर तशीच खिडकी उभारून, दगड फेकून, काच आत कशी उडते त्याचे चित्रीकरणही दाखविले होते. खिडकीतून कोण शिरले ते एवढ्याने ठरत नाही. मात्र कोणी शिरलेच नाही, हे म्हणणे डळमळते.

मग राहतात प्रयोगशाळेचे दोन पुरावे. अपील न्यायालयाने ते रोमच्या विद्यापीठातल्या कोंती आणि वेक्कियोत्ती या तज्ज्ञांकडे सोपविले. पहिला पुरावा म्हणजे सोलेचितोच्या घरातली स्वयंपाकाची सुरी. मुठीवर अमांडाचा डीएनए होता. तिच्याच हातची सुरी, त्यात नवल नाही. पात्यावर मेरेडिथचा डीएनए असल्याचे सांगितले गेले, पण तो इतका अल्प की तपासणी पुन्हा करून पाहिलीच नव्हती, आणि रक्ताचा मागमूस नव्हता. तज्ज्ञांना पात्यावर पिठूळ स्टार्चचे कण मिळाले. रक्त निःशेष धुवून काढणाऱ्या हातांनी पीठ तेवढे मागे ठेवले, हे सुरी रोज धुणाऱ्या कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. दुसरा पुरावा म्हणजे मेरेडिथच्या अंतर्वस्त्राचा आकडा. तो पहिल्या तपासणीत दिसला होता, पण उचलला १८ डिसेंबरला, ४६ दिवसांनी, खोलीतल्या दुसऱ्याच जागेवरून, मळक्या हातमोज्यांनी. पुढे तो असा ठेवला गेला, की गंजला आणि पुन्हा तपासताच आला नाही.

हेल्मान यांच्यावरही आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. २०१३ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निकाल रद्द केला, तो त्यांनी पुरावे सुटे सुटे करून तपासले, एकत्र पाहिले नाहीत, या कारणासह. टीकाकाराला हे पटण्यासारखे आहे. कवितेच्या ओळी सुट्या करून तिचा अर्थ लागत नाही. परंतु कवितेतली प्रत्येक ओळ निदान कागदावर असते! इटलीचा कायदाच सांगतो, की अप्रत्यक्ष पुरावे गंभीर, नेमके आणि परस्परांशी जुळणारे हवेत. जुळणी शेवटी येते, नेमकेपणा आधी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ सांगितले. त्याचे पहिले शीलही हेच : साखळीत ओवण्याआधी प्रत्येक कडी पक्की सिद्ध झालेली हवी. ‘असेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतले अंतर फार मोठे आहे, याची आठवणही न्यायालयाने तेथे दिली. मास्सेईंच्या पानापानांवर ‘शक्य आहे’, ‘संभवते’ अशी क्रियापदे आहेत. शेवटच्या पानावर मात्र ती सारी ‘आहे’ होतात. माझ्या मते त्या लेखनाचा मुख्य दोष हा.

२०१४ मध्ये फ्लॉरेन्सच्या न्यायालयाने बनाव पुन्हा खरा मानून दोघांना पुन्हा दोषी ठरविले. २७ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना कायमचे निर्दोष सोडले आणि तपासातल्या चुकांवर कडक ताशेरे ओढले. तरी अमांडाची पाटी अगदी कोरी झाली नाही. पोलिसांच्या रात्रभरच्या चौकशीत तिने एका निरपराध बारमालकाचे नाव घेतले होते आणि तो दोन आठवडे तुरुंगात होता. तिला त्या चौकशीत वकील मिळाला नाही, हे युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. पण खोट्या आरोपाबद्दलची तिची शिक्षा जानेवारी २०२५ मध्ये कायम राहिली.

आठवडाभर हे सारे वाचून झाल्यावर मला अपराध्यासारखे वाटले. सुरी, आकडा, खिडकीची उंची मला पाठ झाली होती. मेरेडिथ मात्र पुसटच राहिली होती. मग पहिली पाने पुन्हा उघडली. त्या संध्याकाळी ती आपल्या इंग्रज मैत्रिणींकडे जेवायला गेली होती. सगळ्यांनी मिळून एक चित्रपट पाहिला, आणि नऊच्या सुमारास ती घरी परतली. दोन्ही निकालपत्रांत एवढ्या मजकुराबद्दल मात्र मतभेद नाही.