आज्ञा पाळली, पण काम बरोबर झाले का?

दांडी-नवापूरच्या किनाऱ्यावरून बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आयटीआयच्या एखाद्या विद्यार्थ्याने जुने नियंत्रण पॅनेल उघडले, तर त्यात काचेची छोटी खिडकी असलेली चिप दिसू शकते. ही ईप्रॉम. यंत्राने काय करायचे याच्या सूचना तिच्यात साठवलेल्या असतात. 1971 साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी ती प्रथम तयार केली. कोऱ्या ईप्रॉममध्ये सगळीकडे 1 असतात. लिहिणे म्हणजे हवे तिथे 0 करणे. 0 चा पुन्हा 1 करायचा तर खिडकीतून अतिनील किरण सोडून सगळी चिपच पुसावी लागते.

लिहिण्याचे काम 'प्रोग्रॅमर' नावाचे यंत्र करते. 2716 या चिपमध्ये 2048 बाइट असतात. प्रत्येकासाठी 25 व्होल्टचा दाब ठेवून 50 मिलिसेकंदांचा स्पंद द्यायचा, म्हणजे एकूण शंभरावर सेकंद लागतात. हे यंत्र तारेने संगणकाला जोडून दुरूनही चालवता येते. त्यासाठी अमेरिकेतील डेटा आय/ओ कंपनीने जी आज्ञावली वापरली, तिचे परीक्षण शिक्षकांनाही उपयोगी पडेल असे आहे.

आधी गुण पाहू. बहुतेक आज्ञा एका अक्षराच्या आहेत. बी म्हणजे चिप कोरी आहे का ते पाहा, पी म्हणजे लिही, व्ही म्हणजे पडताळून पाहा. यंत्राची उत्तरेही मोजकीच. '>' म्हणजे झाले, 'एफ' म्हणजे जमले नाही, '?' म्हणजे आज्ञाच कळली नाही. 'कळले नाही' आणि 'जमले नाही' यांतला हा फरक उत्तरपत्रिका तपासताना आपण किती वेळा करतो? दोन्हींना शून्यच मिळते.

दोष मात्र गंभीर आहे. चिप कोणती, हे यंत्राला चार अंकी संकेतांकाने सांगावे लागते. दाब किती, स्पंद किती वेळ, हे त्यावरूनच ठरते. 2732 ला 25 व्होल्ट लागतात, 2732ए ला 21. दिसायला दोन्ही सारख्या, पायही 24 च. पण 2732ए ला 22 व्होल्टपेक्षा जास्त दाब दिला तर ती बिघडते. संकेतांक चुकीच्या चिपचा पण यादीतला असला, तर यंत्र निमूटपणे '>' असे उत्तर देते. त्याचा अर्थ 'आज्ञा पाळली' एवढाच. आज्ञा योग्य होती का, हे यंत्राला माहीतच नसते.

पुढच्या पिढीच्या चिपमध्ये यावर उपाय आला. ए-9 या पायाला सुमारे 12 व्होल्ट दिले की चिप आपला उत्पादक आणि प्रकार स्वतः सांगते. पण ही सोय नसलेल्या जुन्या चिपला तेवढा दाब दिला, तर नाव विचारण्यातच तिला इजा होऊ शकते. म्हणजे चिपवरचा क्रमांक डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

बेरजेच्या तपासणीवरही असाच फाजील विश्वास ठेवला जातो. सर्व बाइटची बेरीज जुळली म्हणजे मजकूर बरोबर, असे नाही. गुणपत्रकात दोन मुलांचे गुण अदलाबदल झाले तरी वर्गाची एकूण बेरीज तीच राहते. म्हणून बेरजेवर न थांबता व्ही आज्ञेने प्रत्येक बाइट मूळ मजकुराशी ताडून पाहावा.

आज ईप्रॉमची जागा बहुतेक ठिकाणी फ्लॅश स्मृतीने घेतली आहे. प्रश्न मात्र तोच आहे, आणि तो वर्गात खेळूनही दाखवता येईल. एका विद्यार्थ्याला यंत्र करा. फळ्यावरील चौकटींत इतरांच्या आज्ञेनुसार त्याने 0 लिहायचे आणि वरील तीनच उत्तरे द्यायची. आज्ञा देणाऱ्यांना फळा दिसू देऊ नका. शेवटी त्यांना विचारा : सर्व उत्तरे '>' आली, तरी फळ्यावर हवे तेच उमटले असेल याची खात्री कशी कराल?